दोरी सोडून चालू नकोस

माझ्या नणंदेला सगळी वस्ती 'चौकटताई' म्हणते. त्यांच्या कानावर हे नाव गेलेलं आहे आणि त्यांना ते मुळीच टोचत नाही. त्या आमच्या यांच्यापेक्षा मोठ्या, लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या, आमच्याच घरात वरच्या खोलीत राहणाऱ्या. कॉलेजच्या वनस्पती विभागात मोजणीचं काम करतात. काय मोजता, असं कुणी विचारलं की म्हणतात, "गवतात कोण कोण राहतं ते."

त्यांची चौकट म्हणजे चार लाकडी पट्ट्या ठोकून केलेला हातभर चौरस. अख्खा माळ मोजायचा म्हटलं तर एक जन्म पुरणार नाही. म्हणून चौकट जमिनीवर ठेवायची, आत जेवढं असेल तेवढं मोजायचं, उठायचं, पुढे जाऊन परत ठेवायची. अशा पुरेशा चौकटी झाल्या की कुठलं रोप कुठे दाट आहे, कुठे विरळ आहे, याचा अंदाज बांधता येतो. हे सगळं मला त्यांनी भांडी विसळताना समजावलं. मी ऐकत होते, पण खरं सांगायचं तर चौकट कळली ती लेकीच्या खोलीत.

लेक कॉलेजात जाते, खोली आवरत नाही. एक दिवस ताईंनी दारात पाठमोरं उभं राहून खांद्यावरून चौकट आत भिरकावली. आत सापडलं ते असं: दोन मोजे, दोन वेगवेगळ्या जोड्यांमधले, एक कंगवा आणि अर्धं बिस्किट.

"या हिशोबाने अख्ख्या खोलीत," ताई म्हणाल्या, "या मुलीला निदान वीस पाय असले पाहिजेत."

"आत्या, पलंगाखाली टाकली असतीस तर चाळीस निघाले असते," लेक पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली.

"म्हणजे मोजे सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत. पलंगाखाली दाट आहेत." ताईंना रागाच्या ऐवजी आनंदच झाला. मी मात्र झाडू शोधायला गेले.

पातेल्यातलं मीठ बघतानाही त्यांचं तेच. एक चमचा कडेचा, एक मधला, एक तळाचा. "मधलाच घेतलास तर कडेच्याला कोण विचारणार?" असं म्हणत तिन्ही चमचे त्या स्वतःच चाखतात, आणि मग भाजी कमी पडली की माझ्याकडे बघतात.

पण या हसण्यासारख्या बाईचं काळीज एका ठिकाणी अडकलेलं होतं. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर पाणीखात्याचा माळ आहे. खाली पंपघर, वर चढावर एक मोठा दगड, आणि मध्ये गवत. त्या गवतात एक अगदी बुटकं रोप येतं. टाचणीच्या डोक्याएवढं निळं फूल, तेही दोन पानांच्या आड तोंड लपवून. उभ्याने ते दिसतच नाही, गुडघे टेकावे लागतात. त्याचं शास्त्रातलं लांबलचक नाव ताईंना पाठ आहे. आम्ही निळी म्हणतो. आसपास दुसरीकडे कुठे ती सापडत नाही, म्हणून विभागाने माळाची दरवर्षी मोजणी लावली आणि ती ताईंच्या वाट्याला आली. त्यांचे केस काळे होते तेव्हापासून.

मोजणीची रीत ठरलेली. पंपघराच्या कोपऱ्यापासून वरच्या दगडापर्यंत दोरी ताणायची. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी. प्रत्येक गाठीशी चौकट ठेवायची आणि निळी मोजायची. आणि एक कडक नियम: दोरी सोडून कुणी चालायचं नाही. विद्यार्थी येवोत, पाहुणे येवोत, पंपघराचा पहारेकरी येवो, सगळ्यांनी दोरीच्या कडेकडेने एका रांगेत चालायचं. उगाच माळ तुडवायचा नाही. ताई एरवीही आठवड्यातून एक फेरी मारायच्या, कळ्या आल्यात का बघायला, तेव्हाही त्याच ओळीने जायच्या आणि त्याच ओळीने यायच्या. विद्यार्थी पाठीमागे त्यांची नक्कल करायचे, "दोरी सोडून चालू नकोस," असं नाकातून म्हणत.

आणि दरवर्षी निळी कमी होत चालली होती.

आधी ताई म्हणायच्या, यंदा हवा वाईट होती. मग म्हणायला लागल्या, यंदा ऊन फार. मग काही म्हणेनाशा झाल्या. मोजणीहून आल्या की तिन्ही चमचे न चाखता जेवायच्या, त्यावरून मला कळायचं.

या वर्षी विभागातल्या मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. मॅडम वयाने ताईंना लेक शोभतील अशा, पण ताईंना कधी एकेरी हाक मारणार नाहीत. त्या म्हणाल्या, "ताई, पाणीखात्याला तिथे पाइप ठेवायला आवार करायचं आहे. आजवर ते निळीसाठी थांबले. पण आपलेच आकडे सांगतात की ती संपत आलीय. या वेळेस दोरीवर ती नाहीच मिळाली, तर मी त्यांना कुठल्या तोंडाने थांबा म्हणू?"

ताई घरी आल्या आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसल्या. "माझ्याच आकड्यांनी माळ जाणार," म्हणाल्या. आमचे हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "मग दोन-चार जास्त लिही की. कोण बघायला येणार आहे?" ताईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं, की यांनी पेपर परत वर घेतला तो जेवणापर्यंत खाली आला नाही.

दरवर्षी ताईंबरोबर दोरीचं दुसरं टोक धरायला एक विद्यार्थीण जायची, तिची परीक्षा निघाली. म्हणून या वेळेस मी गेले. सकाळी दिवा लावला, देवाला सांगितलं की आजचा दिवस ताईंचा आहे, जरा लक्ष ठेव, आणि डबा घेऊन निघाले.

पहिल्या चौकटीला मी हात जोडले. ताई म्हणाल्या, "हे काय?"

"निळी असू दे म्हणून सांगते."

"देवाला यात ओढू नकोस. असेल ती असेल, नसेल ती नसेल. मोज."

आत गवत होतं, एक मुंगी होती, निळी नव्हती. पुढच्या गाठीशीही नव्हती. तिसऱ्या की चौथ्या गाठीशी मला एक दिसली, चौकटीच्या पट्टीला खेटून, पण पलीकडच्या अंगाला.

"ही बघा, ताई."

"बाहेर आहे."

"पान आत आलंय तिचं."

"मूळ बाहेर आहे. मूळ जिथे, रोप तिथे."

"बिचारी एवढी दारात आलीय, तिला आत या म्हणायला काय जातं?"

"तुझं घर नाही ते, आत या म्हणायला. आज हिला घेतलीस की उद्या तिच्या शेजारणीला घेशील. मग चौकट कशाला, अंगणच मोजू." असं म्हणून त्या पुढे गेल्या. मी निळीकडे बघून मनात म्हटलं, बाई, मी प्रयत्न केला.

दगडापर्यंत पोचलो तेव्हा सगळ्या गाठी मिळून निळ्या निघाल्या त्या एका हाताच्या बोटांवर मावतील इतक्या. ताई दोरी गुंडाळायला लागल्या, आणि दोरी गुंडाळताना माणूस इतकं हळू गुंडाळू शकतं हे मला तेव्हा कळलं.

तेवढ्यात वारा आला आणि माझा डोक्याचा स्कार्फ उडाला. उडाला तो थेट माळाच्या मधोमध, एका काटेरी झुडपात जाऊन बसला. मी निघाले त्याच्या मागे.

"दोरी सोडून चालू नकोस," ताई वरून ओरडल्या.

"अहो, स्कार्फ चांगला आहे," मी म्हटलं आणि गेले. काट्यातून कापड सोडवायचं म्हणजे ओढून चालत नाही, बसावं लागतं. मी गुडघ्यांवर बसले आणि बघते तर माझ्या गुडघ्यापाशी निळी. दुसऱ्या गुडघ्यापाशी दोन. झुडपाच्या पलीकडे तर लग्नघरातल्या बायकांसारखा घोळकाच.

"ताई, इथे या. चौकट घेऊन या."

ताई आल्या. पण कशा आल्या? आधी दगडापाशी चपला काढल्या, आणि देवळात शिरावं तसं अनवाणी, एकेक पाऊल बघत आल्या. खाली बसल्या. बराच वेळ बघत राहिल्या. चेहरा उजळला, आणि लगेच परत विझला.

"ठेवा की चौकट," मी म्हटलं.

"नाही ठेवता येत."

"का? समोर तर आहेत."

"समोर आहेत म्हणूनच. तुला दिसल्या तिथे मी चौकट ठेवली, तर तो नमुना नाही झाला, ती हौस झाली. लेकीचे मोजे मोजायला मी मुद्दाम पलंगाखाली गेले असते, तर वीस पायांचे चाळीस झाले असते. मॅडम पहिला प्रश्न हाच विचारतील: ताई, जागा कुणी निवडली?"

"मी निवडली. म्हणजे वाऱ्याने."

"वाऱ्याने स्कार्फ निवडला. निळी तू निवडलीस."

मला आधी राग आला. मग त्या जे बोलत होत्या ते ओळखीचं वाटायला लागलं. मी रोज सकाळी देवापुढे बसून शेवटी काय म्हणते? माझ्या मनासारखं नको, तुझ्या मनात असेल तसं होऊ दे. म्हणते खरी, पण म्हणताना एक डोळा माझ्या मनासारखं होतंय का इकडेच असतो. ताईंना तो डोळा मिटायचा होता, एवढंच.

"मग असं कुणाकडून निवडून घ्यायचं, ज्याला निळी हवी पण नाही आणि नको पण नाही?" मी विचारलं.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "आपल्याकडे तो लुडो आहे अजून?"

लुडो होता. लेकीच्या लहानपणचा. दोन फाशांपैकी एक कधीच हरवलेला, म्हणून एकच फासा दोनदा टाकायचा असं ठरलं. ताईंनी कागदावर माळ काढला, त्याचे सहा उभे आणि सहा आडवे पट्टे पाडले. पहिला फासा सांगेल तो उभा पट्टा, दुसरा सांगेल तो आडवा. दोन्ही जिथे भेटतील त्या घरात जायचं, आणि घराच्या कोपऱ्यापासून किती पावलं आत आणि किती पावलं बाजूला, तेही फाशालाच विचारायचं. मग चौकट. काटे असोत, चिखल असो, तिथेच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी अनवाणी माळावर. डब्याच्या झाकणात फासा मी टाकायची, कारण ताई म्हणाल्या, "माझा हात निळीच्या बाजूचा आहे. तुझाही आहे, पण तुला नेम धरता येत नाही." हे अपमान म्हणून घ्यायचं की कौतुक म्हणून, ते मी अजून ठरवलेलं नाही.

पहिली चौकट शुद्ध चिखलात पडली. निळी नाही. ताईंनी तशी नोंद केली. दुसरीत निळी होती. तिसरीतही. चौथीला फाशाने आम्हाला पंपघराजवळच्या घरात पाठवलं, आणि पावलं मोजून बघतो तर नेमक्या जागेवर पहारेकऱ्याचा कुत्रा पसरलेला.

पहारेकरी धावत आला. "उठवतो त्याला."

"नको," ताई म्हणाल्या. "उठवला तर तो कुठे तरी दुसरीकडे लोळेल, तिथे काय तुडवेल कोण जाणे."

"मग चौकट जरा इकडे घ्या. दोन हातांनी काय फरक पडतो?"

"फासा म्हणाला इथे, तर इथे."

"फासा म्हणाला," पहारेकऱ्याने माझ्याकडे बघितलं. "तुमच्या घरी सगळं असंच चालतं का?"

"मीठसुद्धा," मी म्हटलं.

मग आम्ही तिघं कुत्र्याभोवती बसलो. डबा उघडला. कुत्र्याला त्याचा वास गेला आणि तो आपण होऊन उठला. ताईंनी घास तसाच हातात ठेवून जागेवर चौकट टेकवली. कुत्र्याच्या पोटाखाली दबून चपट्या झालेल्या, पण जिवंत, अशा निळ्या होत्या. "मूळ आत," मी ताईंच्या आधी म्हटलं.

ऊन उतरेपर्यंत फासा टाकत राहिलो. निळी सगळीकडे सारखी नव्हती. खाली ओल असलेल्या जागी विरळ, चढाच्या अंगाला दाट. पण होती. मरायला टेकलेल्या रोपाची ही लक्षणं नव्हती.

शेवटची चौकट वर दगडाजवळ पडली. ती झाल्यावर ताई दम खायला दगडावर चढून बसल्या. उतरतं ऊन माळावर आडवं पडलं होतं. बसल्या त्या खाली बघत बसल्या. म्हणून मीही चढले आणि त्या बघत होत्या तिकडे बघितलं.

दाट केसांच्या डोक्यात मधोमध भांग काढावा, तशी माळावर एक रेघ होती. दगडापासून पंपघराच्या कोपऱ्यापर्यंत, सरळ. दोन्ही बाजूंना गवत, आणि रेघेत चपटी, घट्ट बसलेली माती. दोरी आज ताणलेली नव्हती, तरी ती दिसत होती.

"इतकी वर्षं," ताई हळूच म्हणाल्या, "मी भांगात केस मोजत होते."

मला हसू आलं. मग त्यांच्याकडे बघून ते गिळलं. मग त्याच आधी हसल्या, पण हसताना डोळे पुसत होत्या. माळ तुडवू नये म्हणून ज्या ओळीने त्या स्वतः चालल्या आणि सगळ्या जगाला चालवलं, त्याच ओळीवर चौकटी ठेवून निळी का कमी होते म्हणून झुरत होत्या. निळी कुठे गेली नव्हती. ओळीवरची तेवढी त्यांच्याच पायांखाली चिरडली होती.

घरी येताना मी म्हटलं, "मॅडमना फाशाचे आकडे द्या. निळी आहे, माळ वाचला. भांगाचं कशाला काढायचं? तुमची इतक्या वर्षांची मेहनत, लोक हसतील."

"ती पट्टीबाहेरची निळी आठवते?" ताई म्हणाल्या. "बाहेरची ती बाहेर. हे आतलं आहे. हे मोजावंच लागेल."

मला घरी थांबवेना म्हणून मीही विभागात गेले. छोटी खोली, भिंतीला दाबून सुकवलेली पानं, टेबलावर गार झालेला चहा. ताईंनी सगळं सांगितलं, दोरी, स्कार्फ, फासा, कुत्रा, भांग. खालमानेने सांगितलं. मॅडम ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे निळी मरत नव्हती. तुम्ही तिच्या अंगावरून चालत होता."

"हो."

"तिच्या काळजीने."

"हो."

"आणि मीही. विद्यार्थी असताना तुमच्या मागून, रांगेत. तुमची नक्कल करत." मॅडमनी ओठ दाबून धरले. "ताई, पाणीखात्याच्या साहेबांना हे सांगताना माझा चेहरा सरळ राहायला हवा. मला जरा सराव करू द्या."

मग मात्र त्या कामाचं बोलल्या. नणंद-भावजय अशा दोघींनी, त्याही निळीच्या बाजूच्या, एका दिवसात मोजलेलं कुणी पुरावा म्हणून घेणार नाही. ज्यांना निळी ठाऊकही नाही अशा विद्यार्थ्यांकडून, नव्या फाशाने, परत मोजून घ्यायचं. ताईंनी त्यात यायचं नाही. ताईंनी मान हलवली. इतकी वर्षं आपण मोजलेलं, आता आपल्याला वगळून मोजणार, हे त्यांना लागलं असेल असं मला वाटलं. पण बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे. मीही हेच सांगितलं असतं."

विद्यार्थी मोजत होते ते दिवस घरात ताई जिन्यावरून वर-खाली करत होत्या. एकदा तर पातेल्यात मीठ दोनदा पडलं आणि चमचा त्यांनी एकही चाखला नव्हता. मी देवापुढे बसले की निळीचं नाव घ्यायची नाही. फक्त म्हणायची, जे आहे ते दिसू दे. हे म्हणणं मला अजून जड जातं.

आकडे आले. आमच्याइतके मोठे नव्हते, थोडे खाली होते, पण चित्र तेच होतं. निळी आहे, चढावर दाट आहे, आणि फक्त भांगात नाही. मॅडमनी पाणीखात्याच्या साहेबांना भेटून सांगितलं. चेहरा सरळ राहिला की नाही ते विचारायचं राहिलं. पाइपांचं आवार पंपघराच्या मागच्या फरशीवर हललं, माळ राहिला.

आणि जुने आकडे? मला वाटलं ते फुकट गेले. मॅडम म्हणाल्या, मुळीच नाही. निळीवरून किती वर्षं चाललं तर ती कशी विरळ होत जाते, हे इतकं नीट कुणी मुद्दाम करूनही मोजलं नसतं. आता उलटं मोजायचं. भांगावरून कुणीच चालायचं नाही आणि तो भरतो का, भरला तर कडेने भरतो की मधून, हे बघायचं. काम ताईंचंच. फक्त आता त्यांना त्यांच्या लाडक्या ओळीवर पाऊल ठेवायची बंदी.

परवा डबा द्यायला माळावर गेले. ताई दगडाजवळ गुडघ्यांवर बसलेल्या, अनवाणी, चौकट पुढ्यात. मी पंपघराच्या कोपऱ्यापासून विसरून सरळ निघाले.

"त्या ओळीवरून चालू नकोस," वरून आवाज आला.

मी पाय हवेतच थांबवला. "मग कुठून येऊ?"

"फासा आणलायस ना?" ताई म्हणाल्या. "टाक."

भाजी गार झाली, पण पोचले.